मांडीवरचं बाळ

१

इटलीतलं मोंतेवेरो म्हणजे एका टेकडीवर बसलेलं जेमतेम आठशे माणसांचं गाव. चहूबाजूंनी द्राक्षांचे मळे, घराघराच्या तळघरात वाइनची पिंपं आणि मधोमध सातशे वर्षांचं चर्च. त्या चर्चमध्ये दगडाची मेरी बसलेली आहे. सातशे वर्षांत गावानं तीन लढाया पाहिल्या, दोनदा प्लेग पाहिला, पण मेरीच्या मांडीवरच्या वीतभर दगडी बाळाला कुणी हात लावला नाही. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी पाद्री रेनातो संध्याकाळची घंटा वाजवायला आले, तेव्हा मेरीची मांडी रिकामी होती.

त्या दिवशी चर्चमध्ये बाहेरगावचे एकवीसच लोक शिरले होते. एकवीसच्या एकवीस उत्तर व्हर्जिनियातल्या एका मराठी मंडळाचे.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, हर्नडनच्या आपल्या घरात लतिका पटवर्धन विद्यापीठाकडून आलेली मेल तिसऱ्यांदा वाचत होती. मजकूर सभ्य आणि थंड होता. पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्वानंदी देवपुजारी हिच्यावर चोरीचा संशय आहे. शुक्रवारी समितीपुढे चौकशी आहे. आरोप सिद्ध झाला तर तिला काढून टाकण्यात येईल. 'आपल्या लेखी जबाबाच्या आधारे आपल्याला साक्षीला बोलावत आहोत.'

आपल्या लेखी जबाबाच्या आधारे. लतिकाला ते शब्द टोचले. सहलीची सेक्रेटरी तीच होती. परतताना पॅरिसला विमान बदललं, तिथेच पाद्रीबाबांची घाबरीघुबरी मेल आली होती आणि हिनं लगेच बाकावर बसून प्रामाणिक उत्तर धाडलं होतं: आम्ही सगळे बारा वाजता बाहेर पडलो, तुम्ही कुलूप लावलंत, नंतर तुमच्याकडून किल्ली घेऊन आत गेली ती एकटी स्वानंदी. शब्दन् शब्द खरा होता. खरं बोलायची खाज एकेकाला असते, आणि लतिकाला ती नोकरीनं लावली होती. विमा कंपनीत एकोणतीस वर्षं जळालेली घरं आणि बुडालेली तळघरं तपासून ती निवृत्त झाली होती.

चौकशीत पोरगी दोषी ठरली, तर सहा वर्षांचं काम, व्हिसा आणि नाव, तिन्ही जाणार होती. लतिकानं फोन उचलला.

२

स्वानंदी आली ती पाठीवर सॅक घेऊन, बसनं. मूळची नागपूरची, केमिस्ट्रीची एम.एस्सी., इथे जुन्या दगडांच्या जतनावर संशोधन करणारी. मोंतेवेरोच्या मेरीवरच तिचा प्रबंध होता. मंडळाच्या मंडळींना वाइनचा प्रदेश बघायचा होता, तेव्हा 'आपलीच मुलगी आहे, फुकटात दाखवेल' म्हणून सगळ्यांनी तिला गळ घातली होती. पाद्रीबाबांनी एरवी बंद असणारा मेरीचा चौथरा या लोकांसाठी उघडला, तो केवळ तिच्या शब्दावर.

"त्या दिवशी तीन वाजता तू आत का गेलीस?" लतिकानं चहा पुढे ठेवत विचारलं.

"पिन बघायला, मावशी. बाळ आणि मांडी वेगवेगळे दगड आहेत. मध्ये एक लोखंडी पिन आहे. ती पूर्ण गंजली होती. मी दोन वर्षांपासून रिपोर्टमध्ये लिहितेय, की बाळाला धक्काही लागता कामा नये."

"मग बघितलीस?"

स्वानंदी थांबली. जरा जास्तच थांबली. "मी बाळ घेतलं नाही, मावशी. एवढंच मी सगळ्यांना सांगितलंय."

"मी ते नाही विचारलं."

"मला माहितेय."

माणूस खोटं बोलण्याआधी जसा थांबतो, तशी ही मुलगी थांबली होती. आणि तीन वाजता चर्चमधून सॅक छातीशी धरून बाहेर पडलेली स्वानंदी लतिकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"पाद्रीबाबांचा रिपोर्ट आहे तुझ्याकडे?"

स्वानंदीनं फोन पुढे केला. इंग्रजी भाषांतर होतं. 'मांडीवर पिनेचं भोक उघडं. आजूबाजूला पुसट, फरकटल्यासारखा लालसर डाग, बहुधा जुन्या रंगाचा. दगडी वस्त्राच्या चुण्यांत तांदळाचे चार-पाच दाणे. शनिवारी लग्न झालं होतं, त्याचे असावेत.'

"लग्नात तिकडेही अक्षता टाकतात?"

"हो, पण दाराबाहेर," स्वानंदी म्हणाली आणि चटकन उठली. "माझी बस आहे, मावशी."

चहा तसाच राहिला. मुलीनं कप उचललासुद्धा नव्हता.

३

अ‍ॅशबर्नचा प्रसाद गोडबोले डेटा सेंटरं बांधणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि जुन्या वस्तू जमवण्याचं त्याला वेड होतं. त्याच्या बेसमेंटमध्ये पितळी समया, लाकडी खांब, कुठल्याशा राजवाड्याचा दरवाजा, सगळं दाटीवाटीनं उभं होतं. मंडळात कुजबुज होती, की बाळ कुठे असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

"लतिका मावशी, सरळ सांगा ना. तुम्ही झडती घ्यायला आलाय."

"घेऊ?"

"घ्या यार! म्हणजे, घ्या मावशी. सगळ्यांनी मनातल्या मनात घेतलीच आहे." तो खरोखर दुखावला होता. "परतताना माझी बॅग जड होती, कबूल. त्यात वाइनच्या सहा बाटल्या होत्या. साडेअकरा ते पावणेबारा आम्ही सगळे पुरुष पाद्रीबाबांच्या तळघरात होतो. ते स्वतःच्या मळ्याची वाइन पाजत होते. मी वर आलो तो ग्रुप फोटो काढायला. फोटोत बाळ आहे! तिथून सगळे एकदम बाहेर आणि कुलूप. मग मी कधी चोरणार?"

हाच तर सगळा पेच होता. पावणेबाराच्या फोटोत माणसांच्या डोक्यांमागे, दोन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर मेरी बसलेली, आणि तिच्या मांडीवर बाळाचा गोल माथा दिसत होता. फोटो पोलिसांनी पाहिला, विद्यापीठानं पाहिला. म्हणजे चोरी बारानंतरचीच. आणि बारानंतर किल्ली फक्त एकीच्या हातात होती.

"तो फोटो सगळ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, म्हणजे बारीक होऊन," लतिका म्हणाली. "तुझ्या कॅमेऱ्यातला मूळ फोटो आहे?"

"असेल. कुणी मागितलाच नाही."

इतके शहाणे लोक आणि कुणी मागितलाच नाही. प्रसादनं मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. लतिका चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेली. रांगांमध्ये हसरे चेहरे. तिसऱ्या रांगेत मूग गिळल्यासारखा चेहरा करून उभी असलेली लतिकाची जुनी मैत्रीण शैला. मागे मेरी.

"मांडी मोठी कर. अजून. अजून जरा."

पडद्यावर मांडी पसरली. प्रसाद म्हणाला, "बघा, आहे की बाळ."

लतिका पडद्याच्या आणखी जवळ सरकली. पोलिसांना जे दिसलं नव्हतं आणि दिसणारही नव्हतं, ते तिला लख्ख दिसत होतं. हिरव्या काठाचा खण, घडी घालून मांडलेला. त्यावर नारळ, आणि नारळाची शेंडी देवीकडे केलेली.

मेरीच्या मांडीवर बाळ नव्हतंच. मेरीची ओटी भरलेली होती.

४

घरी येईपर्यंत तिचं अर्धं गणित सुटलं होतं आणि ते सुटू नये असं तिला वाटत होतं.

ओटी देवीच्या मांडीवर ठेवायची, तशी कुणीतरी ठेवली. दीड-दोन पौंडाचा नारळ गंजलेल्या पिनेवरच्या बाळाला टेकला आणि बाळ निखळलं. म्हणजे जे झालं ते फोटोच्या आधी, साडेअकराच्या सुमाराला, जेव्हा पुरुष तळघरात होते आणि बायका मागच्या भिंतीवरची चित्रं बघत स्वानंदीचं ऐकत होत्या. ज्या बाईनं हे केलं तिनं बाळ लपवलं आणि फोटो होईपर्यंत नारळ तसाच राहू दिला. सगळे दाराकडे वळले तेव्हा खण आणि नारळ उचलून पिशवीत टाकला.

नारळ टाकून कुणी देत नाही. ओटीचा नारळ प्रसाद असतो. लतिकानं डोळे मिटले आणि तिला चार वाजताची बस आठवली. शैला पुढून मागे येत प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत होती. "श्रावणी सोमवार आहे ना, सकाळी हॉटेलात फोडला," ती म्हणाली होती. सगळ्यांनी खाल्लं. लतिकानंही खाल्लं होतं. गोड होतं खोबरं.

शैला कारखानीस. तीस वर्षांची मैत्रीण. लतिकाचा नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस तिच्या घरी येऊन राहिलेली.

पण मग आपल्याला कसं कळलं नाही? प्रवासात दोघी सावलीसारख्या बरोबर असायच्या. आणि तिला तेही आठवलं. साडेअकराला शैला तिच्या कानाशी येऊन म्हणाली होती, "लते, जरा बाहेर जाऊन बसवाला जागेवर आहे का बघून ये ना." बसवाला जागेवरच होता. त्यानं कुठे जायचं होतं?

ओटी भरायची होती, आणि विधवा मैत्रीण समोर नको होती. लतिका स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि ढसाढसा रडली. चोरीचं दुःख तिला नंतर झालं, आधी हे झालं.

५

गुरुवारी सकाळी ती अ‍ॅशबर्नला शैलाकडे गेली. दार अनिलनं, शैलाच्या नवऱ्यानं उघडलं. घरभर फुलांच्या माळा पसरल्या होत्या. शनिवारी रुहीचं, त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. दोनदा पोटातलं गेलं होतं, तिसऱ्यांदा सातवा महिना लागला होता.

"ये ये, लतिका. शैला वर आहे. हिचा उत्साह विचारू नकोस. गणपतीपासून देवदेव नुसतं! दरवर्षी आम्ही बादलीत विसर्जन करतो, ती माती बागेत घालतो. या वर्षी हट्टच धरला, माती पोटोमॅकमध्येच सोडायची. मी काठावर उभा, ही गुडघाभर पाण्यात. रेंजर आला असता तर आम्हालाच बुडवलं असतं."

"मातीच सोडली का तिनं?" लतिकानं विचारलं.

"मातीच. रुमालात बांधलेली. जड होती बरीच," अनिल म्हणाला आणि फुगे फुगवायला निघून गेला.

शैला जिना उतरत होती. लतिकानं पर्समधून फोटोची मोठी प्रत काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. शैलानं एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. तिनं नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"मी फक्त टेकवला गं नारळ. हळूच. म्हटलं, हिच्या मांडीवर सातशे वर्षं बाळ टिकलंय, माझ्या रुहीचं टिकू दे. आणि ते बाळ कलंडलं, लते. खाली पायरीवर पडलं. मान तुटून माझ्या पावलापाशी आली." तिचा आवाज फाटला. "मूर्ती भंगली की परत ठेवायची नसते. वाहत्या पाण्यात सोडायची. मी दुसरं काय करणार होते?"

"पाद्रीबाबांना सांगायचं होतंस. ते तुकडे जोडता आले असते. ती पोरगी हेच काम करते, शैला! तिला नुसती हाक मारायची होतीस."

"आणि रुहीला काय सांगायचं होतं? तुझ्यासाठी ओटी भरायला गेले आणि बाळाची मान मोडून आले?"

"उद्या स्वानंदीला काढून टाकतील."

शैलानं डोळे पुसले. पुढचं ती अगदी समजूतदारपणे बोलली, आणि लतिकाला तेच सहन झालं नाही. "ती हुशार आहे. दुसरीकडे अ‍ॅडमिशन मिळेल. नाहीतर नागपूरला आईवडील आहेत तिचे. रस्त्यावर थोडीच येणार आहे? तीन महिने थांब. रुही सुटू दे, मग मी स्वतः सांगते."

"आई, हू इज इट?" वरून रुहीची हाक आली.

"लतिका मावशी आहे, राजा! तू उठू नकोस!" शैला ओरडली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू हे पाठवलंस तर आपलं संपलं, लते."

"आपलं त्या दिवशीच संपलं, तू मला बसवाला बघायला पाठवलंस तेव्हा," लतिका म्हणाली. "मला आत्ता कळलं एवढंच."

शैलाला ते उमगलं. तिचा चेहरा उतरला, पण सॉरी ती काही म्हणाली नाही. म्हणण्यासारखं तिला त्यात काही दिसलंच नसावं.

६

शुक्रवारी समितीपुढे लतिकानं आयुष्यातला सर्वात चोख क्लेम मांडला. मूळ फोटो, त्यातला खण, शेंडीवाला नारळ. ओटी म्हणजे काय, ती कुठे ठेवतात, भंगलेली मूर्ती पाण्यात का सोडतात. शैलाचं नाव घेताना तिची जीभ जड झाली, पण तिनं ते घेतलं. शेवटी तिनं पाद्रीबाबांचा रिपोर्टही जोडला. चुण्यांतले तांदूळ लग्नातले नव्हेत. पाद्रीबाबांना कालच विचारलं, ते दाणे लाल आहेत, म्हणजे कुंकू लावलेल्या अक्षता. लालसर डागही रंगाचा नव्हे, कुंकवाचाच आहे.

समितीतले तिघे अवाक होऊन ऐकत होते. स्वानंदी टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसली होती. लतिकाला वाटलं, पोरगी सुटली.

स्वानंदीच्या मार्गदर्शक प्रोफेसरबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला. "मिसेस पटवर्धन, तुम्ही म्हणता ते पटलं. चोरी झालीच नाही. फक्त एक सांगा. कुंकू म्हणजे कोरडी पूड ना?"

"हो."

"मग इथे डाग फरकटलेला का आहे? हा कुणीतरी ओल्या बोळ्यानं पुसलाय. काळजीपूर्वक, एकाच दिशेनं. आम्ही हेच शिकवतो."

लतिकानं ती ओळ दहादा वाचली होती. दहाही वेळा तिला फक्त लाल रंग दिसला होता.

"बारानंतर आत एकच माणूस गेलं," प्रोफेसर म्हणाल्या आणि स्वानंदीकडे वळल्या. "पुसलंस तू?"

"हो," स्वानंदी म्हणाली.

पुढचं सगळं अर्ध्या तासात आटोपलं. चोरीचा आरोप रद्द. परंतु मूर्तीला इजा झालेली दिसूनही कळवली नाही, खुणा पुसल्या, दोन महिने गप्प राहिली. हे काम करणाऱ्या माणसाला याहून मोठा गुन्हा नाही, असं प्रोफेसर म्हणाल्या आणि म्हणताना त्यांचेही डोळे भरले होते. प्रबंध रद्द. प्रयोगशाळा बंद. प्रवेश या सत्रापुरता, म्हणजे व्हिसाही तेवढाच.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये लतिका तिच्या मागे जवळजवळ धावली. "स्वानंदी! अगं, तुला माहीत होतं सगळं?"

"मी आत गेले आणि बाळ नव्हतं, मावशी. मांडीवर कुंकू, तांदूळ. आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातून झालंय, एवढं कळलं. चार वाजता बसमध्ये खोबरं मिळालं तेव्हा कुणाच्या, तेही कळलं." तिचा आवाज साधा होता, दमलेला. "पोलिसांनी कुंकू पाहिलं असतं, तर सगळ्या काकूंना तिथेच अडवून ठेवलं असतं. मी पुसलं. वाटलं, घाबरल्यात, दोन दिवसांत स्वतः देतील परत. मी जोडून दिलं असतं. कुणाला कळलंही नसतं."

"पण मग मला तरी सांगायचंस. मंगळवारी घरी आली होतीस, तेव्हा?"

स्वानंदीनं सॅकचा पट्टा खांद्यावर नीट केला. "मी तुम्हालाच सांगणार होते, मावशी. तुम्ही शैला काकूंच्या एवढ्या जवळच्या, तुम्ही समजावलं असतं. डलस विमानतळावर उतरलो की बॅगांच्या पट्ट्यापाशी तुम्हाला गाठायचं, असं ठरवून मी विमानात बसले होते."

"मग?"

"मग डलसला फोन चालू केला. पाद्रीबाबांनी तुमची मेल मला फॉरवर्ड केली होती."

लतिकाला बोलायचं होतं. खरं तेच लिहिलं होतं, शब्दन् शब्द खरा होता, हे सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिला त्याची शिसारी आली. आधी त्या मुलीला विचारायला पाच मिनिटं लागली असती. पॅरिसच्या विमानतळावर ती दोन बाक सोडून झोपली होती.

"मी तुला घरी सोडते," ती कशीबशी म्हणाली.

"नको, मावशी. बस येईल माझी," स्वानंदी म्हणाली आणि रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन उभी राहिली.